बिंदू मुलांच्या हातात द्या

दहावीतली ती मुलगी एरवी भूमितीच्या तासाला मान वर करत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या संगणकाच्या खोलीत तिच्यासमोर एक वर्तुळ होतं. वर्तुळावर ए आणि बी हे दोन बिंदू पक्के होते. तिसरा, पी, माउसने ओढता येत होता. पी जिथे जाईल तिथून ए आणि बीकडे रेषा जात होत्या आणि त्यांच्यामधला कोन अंशांत दिसत होता. कोन ० ते १८० अंशांमध्येच दाखवायचा, एवढी सोय मी त्या प्रोग्रॅममध्ये आधी लावून ठेवली होती. ती पी फिरवत होती. ४० अंश. आणखी पुढे, तरी ४०. एकाच कंसातले अंतर्लिखित कोन एकरूप असतात, हे मला तिला दाखवायचं होतं आणि ते ती बघत होती. मग हात जरा जास्त सरकला. पी बीला ओलांडून पलीकडच्या कंसावर गेला आणि ४० चे एकदम १४० झाले. तिने माउस सोडून दिला. "मॅडम, माझ्याकडनं बिघडलं."

काहीच बिघडलं नव्हतं. ४० आणि १४० मिळून १८०. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात, हे प्रमेय मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते. ते तिच्या हाताला आधीच लागलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "परत अलीकडे आण, परत पलीकडे ने. दोन्ही आकडे लिहून ठेव." दहा मिनिटांनी तिच्याभोवती पाच जणी जमल्या होत्या. ए हलवून बघितला, तेव्हा ६५ आणि ११५ आले. मग ३२ आणि १४८. "बेरीज सारखीच येतीय मॅडम, पण का येतीय?" हा प्रश्न मी विचारायच्या आधी त्यांनी मला विचारला.

त्याआधीच्या वर्षी हाच धडा मी वर्गातल्या मोठ्या स्मार्ट बोर्डवर शिकवला होता. तेच वर्तुळ, तोच प्रोग्रॅम. फक्त पी माझ्या बोटाखाली होता. मी तो ठरवल्याप्रमाणे, बीच्या अलीकडेच थांबवत, नीट फिरवला. आकडा ४० वरच राहिला. ५४ मुलांनी माना डोलावल्या आणि प्रमेय वहीत उतरवून घेतलं. तास सुरळीत पार पडला. कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून कुणाला काही सापडलंही नाही.

या दोन तासांमधल्या फरकाबद्दल मला लिहायचं आहे. भूमितीत बिंदू ज्याच्या हातात असतो तो शिकतो. आपण शाळांमध्ये डिजिटल शिक्षण म्हणून जे आणत आहोत, त्यात हा बिंदू बहुतेक वेळा शिक्षकाच्या हातात असतो, नाहीतर आधीच तयार केलेल्या व्हिडिओच्या. मूल बघत राहतं. फळ्याची जागा पडद्याने घेतली, पण मुलाची जागा तीच राहिली.

मी हिंजवडीजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत २२ वर्षं गणित शिकवते. माझ्या वर्गात माण, मारुंजी, नेरे इथल्या जुन्या शेतकरी घरांतली मुलं आहेत. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, विदर्भातून बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली आहेत. कंपन्यांच्या बस चालवणाऱ्यांची, गेटवर पहारा देणाऱ्यांची, कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्यांची आहेत. शाळेच्या गच्चीवरून राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारती दिसतात. तिथे बसून माणसं गाड्यांचे, यंत्रांचे, विमानांच्या भागांचे त्रिमितीय आराखडे स्क्रीनवर फिरवून बघतात. वाहन आणि विमान उद्योगांना अभियांत्रिकी सेवा देणाऱ्या टाटा टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय याच हिंजवडीत आहे. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाचा एकेक खांब आणि एकेक वळण जमिनीवर येण्याआधी कुणाच्या तरी संगणकावर उभं राहिलं होतं. आणि त्या खांबांखालून शाळेत येणारं माझं मूल घनाकृती शिकतं ती कागदावरच्या तुटक रेषांमधून. घनाची मागची कड तुटक का काढतात, हे त्याला सांगावं लागतं, कारण घन फिरवून बघायची संधी त्याला मिळालेली नसते.

आमच्याकडे चालू स्थितीतले ११ संगणक आहेत. एका कंपनीने तिच्या वापरातून गेलेली यंत्रं शाळेला दिली. त्यांच्यावर जिओजेब्रा चालतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना हा प्रोग्रॅम तयार करायला घेतला, आणि आजही तो वर्गात विनामूल्य वापरता येतो. तो एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. आपल्या 'बालभारती'च्या नववी-दहावीच्या भूमितीच्या पुस्तकांतही जिओजेब्राचा उल्लेख आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने त्याचे धडे मराठीतही दिले आहेत. म्हणजे साधन आहे, मराठी आहे, फुकट आहे. अडतं ते फक्त एका ठिकाणी, माउस कुणाच्या हातात द्यायचा इथे.

मूल स्वतः काम करतं तेव्हा काय होतं, ते सांगते. पहिल्या तासाला मी म्हणते, चौरस काढा. सगळे चार बिंदू डोळ्यांनी अदमास घेऊन ठेवतात आणि जोडतात. दिसायला छान चौरस. मग शेजाऱ्याला सांगते, याचा एक कोपरा ओढ. ओढला की चौरस वाकडातिकडा होतो. मुलांनीच याला नाव दिलंय, 'ओढलं की मोडलं'. न मोडणारा चौरस हवा असेल तर एक बाजू घ्यावी लागते, तिच्या टोकावर लंब काढावा लागतो, कंपाससारखं तेवढंच अंतर घेऊन वर्तुळ काढावं लागतं आणि लंब त्या वर्तुळाला जिथे छेदतो तो कोपरा धरावा लागतो. असा चौरस कुठूनही ओढा, लहान होतो, मोठा होतो, तिरका होतो, पण चौरसच राहतो. चौरसाची व्याख्या पाठ असणं आणि चौरस कशामुळे चौरस राहतो हे बोटांना कळणं, यातलं अंतर त्या एका ओढण्यात मिटतं.

हे काही माझं नवं संशोधन नाही. नेदरलँड्समध्ये पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डोफ या शिक्षक पती-पत्नींनी १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात आपले प्रबंध दिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: मूल आधी आकृती नुसती दिसण्यावरून ओळखतं, मग तिचे गुणधर्म बघतं, मग एका गुणधर्मातून दुसरा कसा निघतो ते जोडतं आणि त्यानंतरच सिद्धतेपाशी पोहोचतं. मधल्या पायऱ्या गाळून थेट सिद्धता दिली तर मूल ती पाठ करतं. आमच्याकडे आठवीतून येणारं मूल कोपऱ्यावर उभा केलेला चौरस बघून आजही म्हणतं, "मॅडम, हा समभुज चौकोन आहे, चौरस नाही." ते पहिल्या पायरीवर असतं. आणि आपण त्याला नववीत पक्ष, साध्य, सिद्धता लिहायला लावतो.

आता दुसरा प्रयोग. तो आमच्या गावाशी बांधलेला आहे. हिंजवडीत गुंठा हा शब्द प्रत्येक घरात बोलला जातो. कुणी किती गुंठे विकले, कुणाकडे किती उरले, यावर घरं मोडली आणि उभी राहिली. पण एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच ३३ फूट बाजूचा चौरस, हे सांगितलं की मुलं चकित होतात. मी त्यांना एक आयत करून देते. त्याची एक बाजू ओढली की दुसरी आपोआप बदलते आणि क्षेत्रफळ १०८९ वरच राहतं. मग विचारते, जमीन एक गुंठाच राहू दे, कुंपणाला कमीत कमी तार कधी लागेल? ११ बाय ९९ केलं तर परिमिती २२० फूट. ९ बाय १२१ केलं तर २६०. ओढत ओढत मुलं ३३ बाय ३३ वर येतात, १३२ फूट. रस्त्याकडेच्या चिंचोळ्या पट्ट्याला कुंपण घालताना आजोबा का वैतागले होते, ते एका मुलाला त्या दिवशी उमगलं. भूमिती या शब्दात भू आहे, याचा अर्थ सांगायला मला वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

तिसरा प्रयोग आभासी जगातला. तो सुरू करताना मला सगळ्यात जास्त विरोध झाला. मुलांना माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा खेळ माहीत असतो. मोबाइलवर तो नसला तरी त्याचे व्हिडिओ बघितलेले असतात. मी त्याऐवजी लुआंटी वापरते. पेर्तू आहोला या फिनलंडच्या प्रोग्रॅमरने २०१० मध्ये ते 'माइनटेस्ट' या नावाने सुरू केलं. ते मुक्त आहे, जुन्या यंत्रांवर चालतं आणि खोलीतल्या खोलीत संगणक एकमेकांना जोडले की सगळी मुलं एकाच जगात वावरू शकतात, बाहेरचं कुणी आत येत नाही. तिथला प्रत्येक ठोकळा पूर्णांकी निर्देशकांवर बसतो आणि आपण कुठे उभे आहोत त्याचे निर्देशक स्क्रीनवर दिसतात.

कामगिरी साधी होती. ५ ठोकळे त्रिज्येची गोल विहीर बांधा. चौकोनी ठोकळ्यांतून गोल विहीर कशी होणार? मुलं भांडली, पाडली, पुन्हा बांधली. मग मी अट घातली की ज्या ठोकळ्याचं मध्यापासूनचं अंतर बरोबर ५ आहे, तो सोन्याचा ठेवायचा. चार दिशांचे चार ठोकळे लगेच सापडले. बराच वेळ गेल्यावर एक मुलगा ओरडला, ३ पूर्वेला आणि ४ उत्तरेला गेलं तरी ५ येतं! आठ ठोकळे आणखी मिळाले. ५ च्या विहिरीला सोन्याचे १२ ठोकळे. मग ६ ची विहीर बांधली, तिला चारच. ७ लाही चारच. १० ला परत १२. निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र आणि पायथागोरसचं प्रमेय एकच आहेत, हे माझ्या फळ्यावर दरवर्षी लिहिलेलं असतं. त्या दिवशी ते विहिरीच्या काठावर सापडलं.

त्या मुलाचे वडील गवंडी आहेत. घरी त्याने विहिरीची गोष्ट सांगितली, तेव्हा वडिलांनी सुतळी काढून त्याला दाखवलं की खोलीचा कोपरा गुण्यात घ्यायचा तर एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट आणि तिरकं ५ फूट बसलं पाहिजे. हे ते वीस वर्षं करत आलेत, त्यांना कुणी पायथागोरस सांगितला नव्हता. मुलगा दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मॅडम, पप्पांना भूमिती येती." शुल्बसूत्रांतल्या 'शुल्ब' या शब्दाचा अर्थच दोरी. यज्ञाची वेदी मापात बसवायला ज्यांनी दोरी ताणली, त्यांनी कर्णाचा नियम लिहून ठेवला. शुल्बसूत्रकार बौधायनाची दोरी, पप्पांची सुतळी आणि मुलाचा माउस यांच्यात एक नातं आहे. तिन्ही हातात धरायच्या वस्तू आहेत.

आता आक्षेप. ते खरे आहेत, म्हणून त्यांना टाळून पुढे जाता येणार नाही.

पहिला आक्षेप गणिताच्याच बाजूचा आहे. स्क्रीनवर शंभर वेळा ओढून खरं दिसलं, तर मूल सिद्धता कशाला लिहील? ही भीती मलाही होती. म्हणून मी एक तास मुद्दाम वेगळा ठेवते. वर्तुळावर २ बिंदू घ्या, जोडा, वर्तुळाचे २ भाग होतात. ३ बिंदू सगळे एकमेकांशी जोडले की ४ भाग. ४ बिंदूंना ८. ५ बिंदूंना १६. आता ६ बिंदूंना किती? सगळा वर्ग एका आवाजात म्हणतो, ३२. मग मोजायला बसतात. कुणाला ३१ मिळतात, कुणाला ३०. ३२ कुणालाच मिळत नाहीत. ज्यांनी बिंदू सारख्या अंतरावर ठेवले त्यांच्या तीन रेषा मध्यात एकाच ठिकाणी मिळतात, म्हणून ३०. एक बिंदू जरा हलवला की तिथे बारीक त्रिकोण उघडतो आणि ३१ होतात. कितीही ओढा, ३२ होत नाहीत. चार वेळा खरं ठरलेला नियम पाचव्या वेळी कोसळताना मुलांनी स्वतः बघितलेला असतो. त्यानंतर "एवढं दिसतंय तर सिद्ध कशाला करायचं?" असं कुणी विचारत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. त्रिकोणाच्या तीन कोनांचे पडद्यावरचे आकडे हाताने मिळवले तर कधीकधी बेरीज १८०.०१ येते, कारण प्रत्येक आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत जवळच्या किमतीवर आणलेला असतो. "मॅडम, कॉम्प्युटर चुकला." यावर मी म्हणते, तो मोजतो, सिद्ध करत नाही. सिद्ध आपण करायचं. मोजणी आणि सिद्धता यांतला हा भेद मी पूर्वी शब्दांत सांगत होते. आता तो त्या ०.०१ मध्ये दिसतो.

दुसरा आक्षेप पालकांचा. एक आई मला म्हणाल्या, "घरात मोबाइलवरून रोज भांडण, आणि मॅडम, तुम्ही शाळेत गेम लावता?" त्यांची काळजी रास्त आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्हीच मुलांच्या हातात मोबाइल दिले आणि अनेक घरांतून ते परत निघाले नाहीत. मी त्यांना तासाला बोलावलं. त्यांनी मुलीला विहीर बांधताना, हिशेब लिहिताना आणि घंटा झाल्यावर उठताना बघितलं. आमचा नियम ठरलेला आहे: एक तास, एक कामगिरी, शेवटची दहा मिनिटं वहीत. स्क्रीनसमोर बसून बघत राहणं आणि स्क्रीनवर काहीतरी रचणं या दोन वेगळ्या सवयी आहेत. पहिली घरात आधीच भरपूर आहे. दुसरी शाळेने द्यायला हवी.

तिसरा आक्षेप सहकाऱ्यांचा: परीक्षेत कंपासपेटी लागते, माउस नाही. म्हणून मी कंपासपेटी आधी ठेवते. कंपासचं टोक कागदात रुतवून स्पर्शिका काढल्याशिवाय आमच्याकडे कुणी संगणकाच्या खोलीत जात नाही. कागदाच्या घड्याही घालून बघतो. पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कागद, काड्या आणि टाकाऊ वस्तूंतून वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं, त्यातून मी हे शिकले. घडी घालून मिळालेला लंबदुभाजक आणि ओढून तपासलेला लंबदुभाजक एकमेकांना बळ देतात. माझा विरोध फक्त अशा साधनाला आहे, जे मुलाला हात मांडीवर ठेवून बसायला लावतं.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हिंजवडीतल्या कंपन्यांना माझी विनंती आहे की शाळेला पुढचा मोठा पडदा देण्याआधी, बदलून टाकलेले वीस लॅपटॉप पुसून, दुरुस्त करून द्या. तुमच्याकडचा एखादा आराखडाकार महिन्यातून एकदा दोन तास पाठवा. तो मुलांना सांगू दे की आपण दिवसभर जे करतो ते भूमितीच आहे.

शाळांना विनंती आहे की भूमितीच्या आठवड्याच्या तासांपैकी एक तास संगणकाच्या खोलीत घ्या. एका यंत्रावर दोघं बसतील, दहा मिनिटांनी माउस बदलेल. खोलीला कुलूप लावून यंत्रं जपली जातील, पण मुलं वाया जातील.

मंडळाला विनंती आहे की दहावीला भूमितीचा ४० गुणांचा पेपर आहे तसाच राहू द्या, पण गणिताच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांपैकी ५ गुण एका कामाला द्या. मुलाने एक रचना करावी, ती ओढून मोडत नाही हे दाखवावं, आणि का मोडत नाही ते आपल्या शब्दांत लिहावं. जिथे संगणक नाही तिथे हेच काम घडीच्या कागदाने किंवा दोरीने होऊ दे. परीक्षेत जागा मिळाली की शाळेच्या वेळापत्रकातही मिळते, हे आम्ही शिक्षक चांगलं जाणतो. आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात भाषणं कमी करून आधी शिक्षकांच्या हातात माउस द्या. ज्याने स्वतः चौरस मोडताना बघितला नाही, तो मुलाला मोडू देणार नाही.

त्या दहावीच्या मुलीकडे परत येते. चक्रीय चौकोनाचं प्रमेय तिने फळ्यावर स्वतः लिहिलं, पक्षापासून सिद्धतेपर्यंत. त्यानंतर दोन आठवड्यांनी, डबा खायच्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, पी बीच्या अलीकडे असला की ४०, पलीकडे गेला की १४०. पण बरोबर बीवरच आला, तर?"

पी आणि बी एक झाले की त्यांना जोडणारी रेषाच उरत नाही. पडद्यावर कोनाच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. पण पी बीच्या अगदी जवळ जवळ नेला, की ती रेषा हळूहळू बीपाशी वर्तुळाची स्पर्शिका होऊ लागते आणि ४० अंश तिथे तसेच उभे राहतात. स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय ते हेच. आमच्या पाठ टिपणात त्याची पाळी अजून यायची होती आणि ते चक्रीय चौकोनाशी जोडलेलं आहे का, हे माझ्या कुठल्याच विद्यार्थ्याने आजवर मला विचारलं नव्हतं. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी किल्ली घेतली, संगणकाची खोली उघडली आणि माउस तिच्याकडे सरकवला.